बसगाडी कोणासाठी?

नगरातील बससेवेसंबंधी दोन तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. पहिली अशी की, गाड्या रिकाम्या धावतात आणि लोकांचा पैसा वाया जातो. दुसरी अशी की, आमच्या वस्तीत गाडी येतच नाही. दोन्ही तक्रारी रास्त आहेत; परंतु एकीचे निवारण करू जाता दुसरी बळावते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

याचे कारण साध्या अंकगणितात आहे. एखाद्या नगरापाशी 24 गाड्या आहेत आणि कोणत्याही मार्गावर जाऊन परत येण्यास एक तास लागतो, असे समजा. या गाड्या 24 मार्गांवर एकेक वाटल्या, तर गाडी प्रत्येक वस्तीपर्यंत पोचेल, पण तासातून एकदाच. वेळापत्रक न पाहता थांब्यावर आलेल्या प्रवाशाला सरासरी अर्धा तास तिष्ठत राहावे लागेल. त्याच गाड्या दाट वस्तीच्या 6 मार्गांवर लावल्या, तर दर 15 मिनिटांनी गाडी मिळेल आणि प्रतीक्षा सरासरी साडेसात मिनिटांवर येईल. वाटेत गाडी बदलणेही मग जाचक वाटणार नाही. साहजिकच गाड्या भरून धावतील. परंतु उरलेल्या 18 मार्गांवरील म्हातारी माणसे, विद्यार्थी आणि मोलमजुरी करणारे यांनी काय करावे? पहिल्या रचनेचा हेतू व्याप्ती हा आहे, दुसरीचा प्रवासीसंख्या. गाड्या तेवढ्याच असताना दोन्ही हेतू पूर्णांशाने साधणे शक्य नाही.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराने हा पेच उघडपणे सोडविण्याचा प्रयत्न केला. तेथील जुने मार्ग बहुतांशी शहराच्या मध्यभागाकडे धाव घेत. वस्ती आणि उद्योग मात्र चहूकडे पसरले होते. प्रवासीसंख्येच्या दृष्टीने आखलेल्या सेवेवर निम्म्याहून थोडा अधिक खर्च होत असे. परिवहन संस्थेच्या नियामक मंडळाने, जॅरेट वॉकर आदी नियोजनतज्ज्ञांच्या साहाय्याने, प्रथम प्रमाण ठरविले : 80 टक्के साधने प्रवासीसंख्येसाठी आणि 20 टक्के व्याप्तीसाठी. नकाशा त्यानंतर आखला गेला. मार्ग शक्य तितके सरळ करून त्यांची उभी-आडवी जाळी विणली. मुख्य मार्गांवर आठवड्याचे सातही दिवस, दिवसाचे 15 तास, निदान दर 15 मिनिटांनी गाडी सुटेल अशी योजना झाली. 16 ऑगस्ट 2015 रोजी, रविवारी, जुनी व्यवस्था जाऊन नवी एकाच दिवशी अमलात आली. पुढील वर्षात स्थानिक बस व रेल्वे यांचे प्रवासी वाढले. शनिवार-रविवारची वाढ विशेष लक्षणीय होती.

हे सर्व विनासायास मात्र घडले नाही. ईशान्येकडील विरळ आणि गरीब वस्त्यांतून मूळ आराखड्याला तीव्र विरोध झाला. तेथे लोकसंख्या घटली होती, कित्येक रस्त्यांना पदपथ नव्हते. तरीही ज्यांना गाडीवाचून दुसरा आधार नव्हता, ते तेथेच राहत होते. अखेर आराखड्यात फेरबदल करावे लागले. अर्धी रिकामी धावणारी गाडी ही नेहमीच उधळपट्टी नसते. कधीकधी ती समाजाने जाणूनबुजून पत्करलेली जबाबदारी असते.

तात्पर्य, व्याप्ती आणि प्रवासीसंख्या यांचे प्रमाण किती असावे, हा अभियंत्याने सोडवावयाचा प्रश्न नव्हे. कोणत्या प्रमाणाचा काय परिणाम होईल, एवढेच तो सांगू शकतो. निवड नागरिकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी करावयाची असते. ती उघडपणे केली नाही, तर ती होत नाही असे नाही; ज्याचा आवाज मोठा त्याच्या दाराकडे मार्ग वळत जातात, सरळ रस्ते वाकडे होतात आणि गाडी सर्वांनाच उशिरा मिळते. प्रमाण आधी जाहीर केले, म्हणजे ज्याला अर्धा मैल अधिक चालावे लागणार आहे, त्याला निदान त्याचे कारण विचारता येते आणि ते सांगण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हेही कळते.