असाइनमेंटमध्ये नेमके काय मागितलेले असते

महाविद्यालयातली असाइनमेंट म्हणजे परीक्षेतलेच उत्तर, फक्त घरी बसून सावकाश लिहायचे, अशा समजुतीने बहुतेक विद्यार्थी ती लिहायला घेतात. बारावीपर्यंतची सवय तशीच असते: मुद्दे क्रमाने मांडायचे, एकही सुटू द्यायचा नाही. पण मुद्दे प्राध्यापकांना माहीतच असतात. विद्यार्थ्याने त्यांचा विचार कसा केला, हे त्यांना पाहायचे असते.

इतिहासाच्या वर्गातला एक प्रश्न घेऊ: ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांची चिकित्सा करा.’ नेहमीच्या उत्तरात १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळल्याचे येते. पाठोपाठ कारणे एकाखाली एक: सारावाढ, अमेरिकेतली यादवी (१८६१–६५) संपल्यावर उतरलेले कापसाचे भाव, सावकारी व्याज. यात चूक काहीच नाही, तरी गुण मध्यमच पडतात, कारण हे वर्णन झाले. चिकित्सेत कारणांचा एकमेकांशी संबंध लावावा लागतो. कापूस तेजीत असताना सावकार सढळ हाताने कर्ज देत होता; भाव उतरले तसा त्याने हात आखडता घेतला, आणि पुढे नव्या आकारणीने साराही वाढला. शेतकरी कात्रीत सापडला तो असा.

चांगला विद्यार्थी याही पुढे जातो. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने सारावाढीला दोष न देता ठपका सावकारांवर ठेवला. सरकारच्या साराधोरणाविषयीचा असा निर्वाळा सरकारी आयोगाकडूनच येतो, तेव्हा तो कितपत ग्राह्य धरायचा? ही शंका स्वतःहून काढून तिला पुरावा जोडणारे एक पानही दहा पानांच्या उताऱ्यांहून मोलाचे ठरते.

संदर्भांबाबतही असाच गैरसमज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रबंधातले १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाला पात्र नाही. तेवढे ऐकून अनेकजण उताऱ्यातले शब्द बदलत बसतात. पण विचार दुसऱ्याचा असेल आणि त्याचे श्रेय दिले नसेल, तर शब्द कितीही बदलले तरी ती उचलेगिरीच.

या गोंधळाचा निम्मा दोष प्रश्न देणाऱ्यांकडेही जातो. फळ्यावर एक ओळ आणि शेवटची तारीख, एवढ्यावर काम भागवले जाते. गुण कशाला, हे कोणी सांगत नाही. घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले नसेल, तर हे अलिखित नियम समजावून सांगणारेही कोणी नसते. विद्यार्थ्याने लिहायला बसण्याआधी सरांना किंवा मॅडमना आपला मुख्य दावा दोन वाक्यांत सांगून पाहावा. आणि प्राध्यापकांनी मागच्या वर्षीची एक उत्तम आणि एक मध्यम असाइनमेंट, नावे झाकून, वर्गात शेजारी शेजारी वाचून दाखवावी. एका तासिकेचे काम आहे. ते सत्राच्या सुरुवातीलाच करावे.