जन्मजात हृद्‌विकार : दूरस्थ व्यायामोपचार
जन्मतः हृदयरचना सदोष असलेल्या मुलांना तज्ञाच्या दुरून देखरेखीखाली घरीच दिला जाणारा व्यायाम. हजार जिवंत जन्मांमागे सु. ८ ते १० बालकांत असा दोष आढळतो. वेळीच उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुले प्रौढावस्था गाठतात. तथापि भीतीपोटी त्यांना खेळापासून दूर ठेवल्यास स्नायू दुर्बल होऊन अल्प श्रमानेही धाप लागते.

एकच कार्यक्षम निलय (हृदयाचा खालचा कप्पा) असलेल्या मुलांत फ्रेंच शल्यचिकित्सक फ्रान्सिस फाँताँ यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया (१९७१) करतात. तीत शरीरातील अशुद्ध रक्त निलयाच्या रेट्याविना सरळ फुप्फुसांकडे वळविले जाते. साहजिकच रक्तप्रवाहास श्वसनाचा व पायांच्या स्नायूंच्या आकुंचनाचा मोठा आधार लागतो. म्हणून पायांचे व्यायाम येथे विशेष महत्त्वाचे ठरतात.

प्रथम रुग्णालयात श्रमचाचणी घेऊन व्यायामाची तीव्रता ठरवितात. घरी व्यायाम करताना अंगावरील उपकरण हृदयाचे ठोके नोंदविते व तज्ञ दृक्‌श्राव्य संपर्काने मार्गदर्शन करतात. दूरच्या कुटुंबांचा वारंवारचा प्रवास त्यामुळे वाचतो. चक्कर येणे, छातीत दुखणे वा शुद्ध हरपणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून वैद्यकीय साहाय्य घ्यावे लागते. महारोहिणीच्या झडपेचा तीव्र संकोच किंवा ठोक्यांची अनियंत्रित अनियमितता असल्यास हा उपचार वर्ज्य होय.