ढोरवाटेचं देणं

"जनावर हरवलंय का?"

तोरण्यावरून उतरताना एका गुराख्यानं मला हे विचारलं होतं. सकाळची साडेनऊची वेळ, पाठीला पाण्याची पिशवी, पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि मी एकटाच धापा टाकत पळतोय. डोंगरात शहाणा माणूस पळतो तो दोनच कारणांनी, मधमाश्या उठल्या म्हणून किंवा गाय चुकली म्हणून. मी म्हणालो, "नाही हो, सहजच." त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "मग त्या अंगानं जाऊ नका. ढोरवाट हाये ती, वढ्यात जाऊन सपती."

त्या वाटेवर मी वीसेक पावलं शिरलोही होतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ढोरवाट वेगळी सांगायला नको. गुरांच्या खुरांनी पडलेली, दिसायला अगदी मळलेल्या वाटेसारखी, पण गावाकडे न जाता चाऱ्याकडे नाहीतर पाण्याकडे जाणारी. दर मोसमात या वाटा कुणाला तरी चकवतात आणि मग आपण त्यांना शिव्या घालतो. माझं मत मात्र वर्षागणिक उलटं होत गेलंय. उताराला कुठे आडवं जावं, कुठली माती पावसाळ्यात धरते, कातळाच्या पोटाशी पाणी कुठे असतं, हे गुरांना आपल्या आधी कळलेलं असतं. आपण हौसेनं पळतो त्यातल्या किती वाटा आधी खुरांनी आणि मग अनवाणी पायांनी पाडल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

ट्रेल रनिंग या खेळाचा इतिहास थोडक्यात उरकतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या टेकड्यांवर जत्रांमधून अशा शर्यती पूर्वापार होत आल्या. अमेरिकेत 1974 साली गॉर्डी एन्सली नावाचा गडी कॅलिफोर्नियातल्या शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीत घोड्याविना उतरला आणि 23 तास 42 मिनिटांत पोचला. त्यातून 'वेस्टर्न स्टेट्स' ही शर्यत उभी राहिली. आपल्याकडे आता सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यातही मोठ्या शर्यती होतात. झाला इतिहास.

त्या वेस्टर्न स्टेट्समधल्या दोन गोष्टींनी मला धरून ठेवलंय. पहिली स्कॉट ज्युरेकची. हा माणूस 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं ती शर्यत जिंकला. जिंकून हॉटेलात जाऊन झोपायचं सोडून हा अंतिम रेषेपाशीच थांबायचा, मागून येणाऱ्यांचं स्वागत करायला. वेळेची मर्यादा तीस तासांची, म्हणजे शेवटचा गडी येईस्तोवर याच्या अंगावरचा घामसुद्धा वाळून गेलेला असणार. दुसरी गोष्ट नियमाची. तिथे धावायचं तर आधी आठ तास श्रमदान करावं लागतं: वाट दुरुस्त करा, झुडपं छाटा, नाहीतर दुसऱ्या एखाद्या शर्यतीत पाणी वाटा. कृतज्ञतेची अशी तासांत मोजदाद मला फार आवडते. आपल्याकडे हा नियम कुणी आणला तर पहिला अर्ज माझा.

कृतज्ञतेवर संशोधनही झालंय. एमन्स आणि मॅककलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. काही जणांना त्यांनी दर आठवड्याला आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, तर काहींना कटकटी. आभारवाल्यांनी आपण जास्त समाधानी असल्याचं नोंदवलं, आणि गंमत म्हणजे त्यांचा व्यायामही जास्त झाला होता. हे वाचून मीही वही घातली. सूर्योदय, आरोग्य, कुटुंब. तिसऱ्या आठवड्यात वही वाचली तर एखाद्या बँकेच्या दिवाळी शुभेच्छापत्रासारखी वाटली. मग ठरवलं, जे पायाखाली किंवा हाताखाली आलं तेवढंच लिहायचं.

तेव्हापासून वहीत कारवी आली. घसाऱ्यावरून उतरताना पाय सुटला की हात आपोआप कारवीकडे जातो. एका काडीवर भार टाकाल तर ती हातात येईल. चार-पाच काड्या एकत्र मुठीत धरायच्या, त्याही बुडाशी. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारं, फुलून मरून जाणारं हे झुडूप मधली सगळी वर्षं आमच्यासारख्यांचा कठडा होऊन उभं असतं. गावात त्याच काड्यांचे कूड, शेणामातीनं लिंपलेले. एकदा माझा घोटा मुरगळला तेव्हा तसल्याच एका कुडाला टेकून मी दोन तास बसलो होतो. घरातल्या आजींनी हळद-मीठ गरम करून लावलं आणि वर "एवढं पळून मिळतं काय?" असं विचारलं. त्याचं उत्तर अजून जुळवतोय.

जरा आडवाटेला जातो. वारीत, वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर, 'धावा' होतो. तुकोबांना तिथून विठ्ठलाच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. आजही तिथे अख्खी दिंडी धावते, सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा, डोक्यावरची तुळस सांभाळत. त्यांच्या हाती घड्याळ बघायला वेळ नसतो. देवाला हाक मारणं आणि पळत सुटणं या दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द असावा, हे मला एका चढावर, दम लागलेला असताना, अचानक लक्षात आलं.

तो चढ सिंहगडाचा, आतकरवाडीकडून पुणे दरवाज्याकडे जाणारा. अंतर तीन किलोमीटरही नाही, पण उंची जवळजवळ सहाशे मीटरनं वाढते. माझी तिथली सर्वोत्तम वेळ 41 मिनिटं आणि ती मी बऱ्याच जणांना, न विचारता, सांगितलेली आहे. वर पोचलो की ठरलेल्या मावशींकडचं ताक. गेल्या हिवाळ्यात त्यांनाही ती वेळ ऐकवली. त्यांनी ग्लासात मीठ टाकलं, बोटानं ढवळलं आणि म्हणाल्या, "मग माझंबी बघा की एकदा."

पुढच्या रविवारी पायथ्याशी त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दह्याच्या मडक्यांची पाटी, पायात झिजलेल्या स्लीपर. मी मागून चालत होतो. त्यांची पावलं बारीक, पण एकसारखी पडत होती. सुट्या दगडावर पाय ठेवण्याआधी त्या तो अंगठ्यानं नकळत चाचपत. वाटेत तीनदा थांबल्या: एकदा शेंदूर लावलेल्या दगडापाशी, एकदा उतरणाऱ्या जावेशी बोलायला, आणि एकदा माझ्यासाठी.

1 तास 4 मिनिटं, थांबे धरून.

"पट्टा लई टोचतो," घड्याळ काढून देत त्या म्हणाल्या आणि मडकी मांडायला लागल्या.