भुरीवर दुधाचा उतारा

मंडळी, मेसचं दूध पातळ असतं ही आपली जुनी तक्रार. पण एका कामाला दूध पातळच लागतं, तेही एक भाग दुधाला नऊ भाग पाणी! हे काम म्हणजे भुरी रोखणं.

भोपळा, काकडी, दोडक्याच्या पानांवर पिठी शिंपडल्यासारखे पांढरे डाग दिसतात ना, तीच भुरी. ही बुरशीच, पण जरा वेगळी. बऱ्याच बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो, हिला लागत नाही. म्हणून पाऊस संपल्यावर कोरड्या दिवसांतही ती फोफावते. तिचे धागे पानाच्या वरच राहतात, अन्न शोषायला फक्त बारीक सोंडा आत खुपसतात. अशी उघड्यावर बसलेली असल्यानेच ती फवाऱ्याच्या तावडीत सापडते.

ब्राझीलचे शास्त्रज्ञ वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. हरितगृहातल्या झुकिनीवर (ही भोपळ्याचीच बहीण) आठवड्याला एक-दोनदा गाईचं दूध फवारलं. दुधाचं प्रमाण वाढवलं तेव्हा ते नेहमीच्या बुरशीनाशकांपेक्षा सरस ठरलं. का, याचं एक स्पष्टीकरण असं की उन्हात दुधातल्या प्रथिनांपासून ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण तयार होतात आणि ते बुरशीचे धागे फोडतात. म्हणजे फवारणी सकाळी, ऊन येताना.

मेसमागचा लाल भोपळ्याचा वेल माळीकाका उपटणारच होते. गंधक मारावं तर वेल थेट स्वयंपाकघराच्या खिडकीवर, शिवाय या वर्गातली पानं गंधकाने करपूही शकतात. मग १०० मिली दूध, ९०० मिली पाणी, दर रविवारी. तीन आठवड्यांत नवी पानं स्वच्छ आली. जुनी पांढरी पानं काही सुधारली नाहीत, ती काकांनी खुडून टाकली. दूध रोग अडवतं, झालेला बरा करत नाही.

साय काढून, गाळून घ्या, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. साखर घातलेलं तर अजिबात नको, मुंग्यांची रांग लागेल. दूध घट्ट मारलंत तर वास येतो नि पानावर काळपट बुरशी धरते.

आणि फवारण्याआधी पान उलटून बघा. वर पिवळे कोनदार डाग नि खाली करडी लव असेल तर तो केवडा. त्याला ओल हवी असते, तिथे दुधाच्या भरवशावर राहू नका.