चलो पोखरा... व्हाया मलकापूर!

दोन कुटुंबं, दोन गाड्या, मागच्या सीटवर चिल्लीपिल्ली आणि समोर थेट परदेशात जाणारा रस्ता! दिवाळीला गावी जाणारच असाल, तर तिथूनच पुढे नेपाळ का नाही गाठायचं? अट एकच, गाडी मोठ्यांनी चालवायची, पण घड्याळ मुलांचं!

मित्र, सुट्टी आणि रस्ता हे कॉम्बिनेशन आपल्याला नवं नाही. २०११ मध्ये 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' आला, तेव्हा स्पेनच्या रस्त्यांवरचे ते तीन दोस्त बघून कॉलेजच्या कट्ट्यावर किती प्लॅन शिजले असतील! त्यातले बहुतेक कट्ट्यावरच राहिले. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, ईएमआय सुरू झाले. ग्रुप अजून तोच आहे, पण मागच्या सीटवर एक चार वर्षांचं आणि एक सात वर्षांचं पिल्लू आहे. मग परदेशातली रोड ट्रिप गेली का बाराच्या भावात? अजिबात नाही!

स्पेन जरा बाजूला ठेवू. स्वतःच्या गाडीनं, व्हिसाच्या रांगेत उभं न राहता जाता येईल असा परदेश आपल्या शेजारीच आहे, तो म्हणजे नेपाळ. भूतानचाही ऑप्शन आहे, पण तिथे भारतीय पर्यटकाला माणशी रोज १,२०० रुपये शुल्क पडतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ते निम्मं. दोन कुटुंबांचा हिशेब मांडा, बजेट तिथेच गडबडतं. त्यामुळे पहिल्या ट्रिपसाठी नेपाळच बेस्ट.

स्टार्टिंग पॉइंट : मलकापूर

पुण्या-मुंबईत नोकरी करणारा मलकापूरकर दिवाळीला घरी जातोच. शाळेतले मित्रही तेव्हाच गावात असतात. म्हणजे टीम आयतीच जमलेली! शिवाय जुना एनएच ६, म्हणजे आताचा एनएच ५३, मलकापूरला खेटूनच जातो. हाच रस्ता आशियाई महामार्गांच्या जाळ्यात 'एएच ४६' म्हणून ओळखला जातो. लहानपणापासून ज्या हायवेवर ट्रक मोजले, तोच परदेशाच्या वाटेवरचा पहिला टप्पा आहे, हे भारी आहे की नाही?

घरी प्लॅन सांगितल्यावर आजी-आजोबांची पहिली रिअ‍ॅक्शन ठरलेली : 'लेकरं घेऊन इतक्या लांब? येड लागलं का?' तेव्हा भारुलता पटेल-कांबळे यांचं उदाहरण द्या. २०१६ मध्ये त्या ३२ देश पार करत इंग्लंडहून थेट महाडपर्यंत एकट्यानं गाडी घेऊन आल्या. पुढे तर दोन मुलांना सोबत घेऊनही त्यांनी असाच लांबचा प्रवास केला. त्यापुढे आपलं नेपाळ म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान!

रूट कसा?

मलकापूरहून निघालात की नांदुऱ्याला रस्त्यालगतचा १०५ फुटी हनुमान लागतो. बच्चेकंपनीचा पहिला 'वॉव' तिथेच. पुढे खामगाव, अकोला, अमरावती. यातल्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करून गिनीज रेकॉर्ड झाला होता. सात वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, पुढचा अर्धा तास तो खिडकीबाहेर रस्ताच बघत बसेल.

पहिला मुक्काम नागपूर, साधारण साडेतीनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी एनएच ४४ वरून पेंचच्या जंगलातून सिवनी आणि पुढे जबलपूर. प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून इथे रस्ता काही ठिकाणी खांबांवर उचललाय. वाघ खालून, आपण वरून! जबलपूरला भेडाघाटचा धुवांधार धबधबा दाखवा. तिसरा मुक्काम रीवामार्गे प्रयागराज, चौथा गोरखपूर. पाचव्या दिवशी सकाळी सोनौली, सीमेपलीकडे भैरहवा आणि दुपारी लुंबिनी. सहाव्या दिवशी बुटवलहून पाल्पामार्गे पोखरा.

'सहा दिवस? आम्ही तर तीन दिवसांत मारू!' असं म्हणणारा एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. खरा प्रॉब्लेम तिथेच सुरू होतो.

रात्रीची शर्यत नको रे बाबा

ऑफिसची रजा नऊ दिवसांची, म्हणून रात्रभर गाडी मारायची आणि सकाळी पोचायचं, हा आपला आवडता फंडा. 'रात्री रस्ता मोकळा असतो, मुलंही झोपतात' हे त्यामागचं लॉजिक. पण मुलं झोपतात तेव्हा ड्रायव्हरचं शरीरही झोपच मागत असतं.

२९ जुलै २०२३. भल्या पहाटे, मलकापुरातच, याच महामार्गाच्या उड्डाणपुलावर दोन खासगी बस धडकल्या. सहा जण गेले. त्यातली एक बस अमरनाथ यात्रा करून हिंगोलीला परतत होती. मलकापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

नेपाळची आठवण तर आणखी जवळची. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीच्या पात्रात कोसळली. २७ जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातले, म्हणजे मलकापूरहून तासाभराच्या अंतरावरचे. हा अपघात दिवसाढवळ्या झाला होता. म्हणजे नुसता उजेड पुरत नाही. खाली नदी, वर डोंगर अशा रस्त्यावर घाई मुळीच चालत नाही. पावसाळ्यात तर हे रस्ते टाळलेलेच बरे. त्याच वर्षी जुलैमध्ये चितवनमध्ये दरडीनं दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या होत्या.

हे वाचून प्लॅन कॅन्सल करू नका. फक्त बदला. त्यासाठी तुमच्याकडे जगातला सगळ्यात कडक टाइमकीपर आहे. तो मागच्या सीटवर बसलाय आणि दर वीस मिनिटांनी विचारतोय, 'बाबा, अजून किती?'

घड्याळ छोट्याचं

चार वर्षांच्या मुलाला दोन तासांनी शू लागते, भूक लागते, पाय मोकळे करायचे असतात. आपल्याला वाटतं, वेळ वाया चालला. खरं तर ड्रायव्हरलाही दर दोन तासांनी नेमका तेवढाच ब्रेक हवा असतो! मुलांना संध्याकाळी सातला जेवण आणि नऊला झोप हवी, म्हणजे गाडी अंधाराआधी हॉटेलच्या पार्किंगमध्ये. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर, सकाळी सातला सुरुवात, दुपारी चारला स्टॉप. ग्रुपमध्ये जे सगळ्यात लहान आहे, त्याच्या तब्येतीनं सगळ्यांनी चालायचं. ट्रिपचा हा एकच नियम पाळला, तरी अर्धं टेन्शन गेलं.

मांडीवर बसवून नेणं विसरा. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलालाही सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीट सक्तीची आहे, नाहीतर हजार रुपये दंड. पण दंडापेक्षा साधा विचार करा. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातांनी धरून ठेवता येत नाही. सवय मलकापूरच्या बाजारात जातानाच लावा. नागपूरपर्यंत रडारड संपलेली असेल.

बुटवल ते पोखरा हे अंतर दिसायला दीडशे-एकशे साठ किलोमीटर, पण पूर्ण दिवस धरा. वळणांवर मुलांना मळमळतं. उलटीचं औषध आधीच डॉक्टरांना विचारून घ्या, पोट रिकामं ठेवू नका आणि मोबाइलवरचं कार्टून बंद! सिद्धबाबा मंदिराजवळचा पट्टा दरडींसाठी बदनाम आहे, त्यामुळे निघायच्या सकाळी हॉटेलवाल्याकडे रस्त्याची चौकशी कराच.

दोस्ती आणि टीटीएमएम

ग्रुपची भांडणं बहुतेक वेळा पैशांवरून आणि उठण्याच्या वेळेवरून होतात. कॉलेजात टीटीएमएम, म्हणजे 'तुझं तू माझं मी' चालायचं. कुटुंबाबरोबर ते चहाच्या टपरीवरच कोलमडतं. त्यापेक्षा कॉमन डबा काढा. दोन्ही कुटुंबांनी सारखी रक्कम टाकायची. डिझेल, टोल, जेवण त्यातूनच. शॉपिंग मात्र ज्याची त्यानं. हिशेब रोज रात्री पाच मिनिटांत एकानंच लिहायचा.

दुसरी गोष्ट, मुलांची अदलाबदल. एक दिवस सगळी मुलं एका गाडीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. एका गाडीत आईबाबांना शांतता, दुसरीत धम्माल! आणि डबा विसरू नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुऱ्याचा चिवडा आणि मोठ्यांसाठी ठेचा. हायवेवरचं तिखट-तेलकट मुलांना सोसत नाही, दशमी दोन दिवस आरामात टिकते.

बॉर्डरच्या पलीकडे

सोनौलीची कमान ओलांडली की पहिलं काम 'भन्सार', म्हणजे गाडीचा कस्टम परवाना. जितके दिवस गाडी नेपाळात, तितक्या दिवसांचे पैसे. एखादा दिवस जास्तीचाच घ्या, परतीला दरड आडवी आली तर डोक्याला ताप नको. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. मुलांना हीच सगळ्यात मोठी गंमत वाटते.

दुसरी गंमत अक्षरांची. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल नेपाळात एकदम हीरो होतं, कारण दुकानांच्या पाट्या देवनागरीत! कित्येक गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा. परदेशात जाऊन मूल घडाघडा वाचतंय, आणखी काय हवं?

लुंबिनीत मायादेवी मंदिर, अशोकस्तंभ आणि मोठ्ठं मोकळं आवार. पाच दिवस गाडीत बसलेल्या पायांना पळायला भरपूर जागा. पोखऱ्यात फेवा तलावात नाव, बेटावरचं तालबाराही मंदिर आणि आकाश निरभ्र असेल तर ६,९९३ मीटर उंचीचं माछापुछ्रे समोर. सारंगकोटला सूर्योदय बघायला रोपवेनंही जाता येतं. पोखरा जेमतेम आठशे मीटरवर, म्हणून लहानांना उंचीचा त्रास होत नाही. 'आलोच आहोत तर मुक्तिनाथही करू' हा मोह मात्र आवरा. ते साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे.

आणि रजा?

जाण्याचे सहा, पोखऱ्यात दोन, येण्याचे पाच. झाले तेरा दिवस! बॉसनं नऊच दिले तर? मग स्वतःच्याच गाडीचा हट्ट सोडा. भुसावळहून कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर गाठा आणि भैरहव्यातून नेपाळी ड्रायव्हरसह गाडी करा. डोंगरातल्या रस्त्यांची सवय त्यालाच जास्त. रोड ट्रिप तीही, फोटोही तेच. एमएच २८ ची नंबरप्लेट माछापुछ्रेसमोर पुढच्या वर्षी उभी करू, रजा साठवून!

गाडीला स्टार्टर मारण्याआधी

* १५ ते ६५ वयाच्या सगळ्यांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. इथे आधार चालत नाही. १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्यांना वय आणि ओळख दाखवणारा पुरावा, म्हणजे आधार वगैरे पुरतो.
* आरसी, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी यांच्या मूळ प्रती. गाडी बाबांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र.
* तुमची मोटार पॉलिसी बहुधा भारतापुरतीच असते. नेपाळसाठी 'जिओग्राफिकल एक्स्टेन्शन' जोडून घ्या. हे विसरलात तर अपघाताचा खर्च खिशातून!
* १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. शंभराच्या नोटा ठेवा. बऱ्याच दुकानांत यूपीआयही चालतं.
* भारतीय सिमवर विसंबू नका, तिथलं सिम घ्या.
* निघायच्या आधी सीमेची खबर घ्या. सप्टेंबर २०२५ मधल्या आंदोलनात तिथली वाहतूक अडकली होती.
* मुलांचं नेहमीचं औषध, ओआरएस आणि एक आवडतं खेळणं हाताशी, डिकीत नको!

मग काय, रजेचा अर्ज टाकताय ना? आणि हो, ग्रुपवरच्या त्या 'तीन दिवसांत मारू'वाल्या मित्राला हा लेख आधी वाचायला द्या!