मॅक्रोने थांबायचे कुठे?

धार किंवा देवासच्या मंडीत सोयाबीनची आवक वाढली, की हिशेबाची एक्सेल यादी लांबत जाते: वर मथळा, खाली शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव. बेरीज करणारा मॅक्रो बहुधा ‘नावाचा रकाना रिकामा नाही तोवर पुढे जा’ या अटीवर लूप चालवतो. खरी गोम इथेच आहे. मधल्या एका ओळीत नाव राहून गेले, की लूप तिथेच थांबतो, खालचा माल हिशेबाबाहेर जातो आणि पडद्यावर साधी सूचनाही येत नाही. म्हणून अट पहिल्या रिकाम्या जागेवर नव्हे, भरलेल्या शेवटच्या ओळीवर बांधावी. ती ओळ तळातून वर येत शोधावी आणि बेरीज दुसऱ्या ओळीपासून धरावी.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सरळ १०,००० ओळी धरा! पण ठोकळ मर्यादा ओलांडली गेली तरी कळत नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये सुमारे १६,००० कोविड रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण जुन्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ ओळीच मावतात. तो दोष लूपचा नव्हता, पण जात तीच. तळाशी ‘एकूण’ची ओळ असेल तर तीही बेरजेत शिरेल, हा आक्षेप मात्र रास्त आहे; म्हणून ‘एकूण’ वेगळ्या पानावर न्यावे. आणि मॅक्रो कामाला लावण्याआधी तो रिकाम्या, एका ओळीच्या आणि मधे नाव गाळलेल्या यादीवर चालवून पाहा.