आधी रोपवाटिका, मग लागवड

आपण जूनमध्ये माळावर रोपे लावतो आणि दिवाळीपर्यंत ती गुरे फस्त करतात. असे का होते?

अमेरिकेत बोस्टनजवळ १८७२ साली अर्नोल्ड वृक्षोद्यान स्थापन झाले, तेही चराईने उजाड झालेल्या, थकलेल्या शेतावर. पैसा तुटपुंजा, माणसे मोजकी. तरी संचालक सार्जंट यांनी घाई केली नाही. त्यांचे माळी जॅक्सन डॉसन बियांपासून रोपे वाढवीत, कलमे बांधीत. १८८२ मध्ये शहराशी हजार वर्षांचा करार झाला, आणि त्यानंतरच मोठी लागवड सुरू झाली. डॉसन १९१६ पर्यंत, मरेपर्यंत, तेथेच राबले. ती बाग आजही उभी आहे.

तुम्हीही आधी चराई थांबवा, घराजवळ रोपे वाढवा, मगच माळावर न्या. एखादे वर्ष लागेल, पण झाड जगेल.